अर्ध्या कोयत्याचे नाव



दसरा झाला की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेसाठी ठेवलेली काही लेकरे. बाकीची सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात.

या व्यवहारात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात, आणि वहीत नाव लागते त्याचेच. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवते, कोपीवर परतून पुन्हा चूल पेटवते. वहीत ती कुठेच नाही. पाळीच्या त्रासाने एक दिवस बसली तर खाडा मात्र धरला जातो. कापून घ्यायच्या वेळी ती बरोबर दिसते!

गंगाखेडच्या जनाबाईने दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण केले, पण आपल्या अभंगात स्वतःचे नाव घातले. तिच्याच गावाकडच्या बाईचे नाव आज मजुरीच्या वहीत नाही, हे मला फार लागते.

नाव नसण्याचे परिणाम साधे नाहीत. जोडी लागते म्हणून पोरींची लग्ने हंगामाआधी घाईने उरकली जातात. परित्यक्ता, विधवा बाईला उचल मिळवायची तर भाऊ, दीर कुणीतरी पुरुष दाखवावा लागतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, चांगलेच झाले. पण तीही कोयत्याच्या हिशेबातच गेली. आणि गर्भाशयांचे काय? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. ही मोजणी बीडची. शेजारच्या आपल्या बायका तीत नाहीत.

कायदा म्हणाल, तर तो सीमा बघतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता. म्हणजे सोनपेठची बाई कर्नाटकात गेली तर त्यात बसणार, कोल्हापुरात गेली तर नाही. कोपी तीच, पाचट तेच. २०२० च्या श्रमसंहितेतही स्थलांतरित म्हणजे दुसऱ्या राज्यात गेलेला, असेच धरले आहे. जगाचीही तीच तऱ्हा. संयुक्त राष्ट्रसंघाने १८ डिसेंबर १९९० रोजी स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार मंजूर केला, २००३ पासून तो लागू आहे. तोही देशाची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. ज्यांच्याकडे मजूर जातात त्या जर्मनी-फ्रान्ससारख्या श्रीमंत देशांनी तो स्वीकारलेला नाही. भारतानेही नाही, आणि आपली लाखो माणसे आखातात राबताहेत!

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात असंघटित बायकांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिने. फडावर असताना उचल फिटायची असते, म्हणून बाई बोलत नाही. घरी येऊन बोलायचे ठरवते तोवर मुदत सरत आलेली असते, आणि समिती तर तिकडच्या जिल्ह्यात.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ झाले आहे, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रे द्यायचेही ठरले आहे. तेव्हा पुढच्या दसऱ्याआधी प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत बसून बायकांची यादी करावी, असे मला वाटते. कुटुंबाची नव्हे, बाईची: तिचे नाव, वय, कोणत्या कारखान्यावर जाणार, मुकादम कोण, उचल किती. ओळखपत्र तिच्या स्वतःच्या नावाचे मागायचे. एकट्या बायकांची नावे सगळ्यांत आधी लिहा.

आणि सांगली-कोल्हापूरच्या मैत्रिणींना विनंती: या बायका सहा महिने तुमच्या गावच्या असतात. आमची यादी घेऊन कोप्यांवर कोण जाईल, ते दिवाळीआधी कळवा.