दलदल आमची, जमीन त्यांची

मुंबईच्या पूर्व उपनगरांत सध्या निसर्गप्रेमाची साथ आलीय. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरं वाचली पाहिजेत म्हणून, ज्यांनी स्वयंपाकघरातल्या बरणीबाहेर कधी मीठ बघितलं नाही, असे लोक गळ्यात पाट्या अडकवून रस्त्यावर उतरलेत. पाटीवर फ्लेमिंगो, पाटीवर खारफुटी, पाटीवर भरतीचं पाणी. शब्द सगळे बरोबर. पण पाटीला मागची बाजू असते, आणि ती वाचायचं काम आमच्यासारख्यांनाच करावं लागतं. कारण तिच्यावर आमचं नाव असतं.

आधी हिशोब. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळानं मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासाला द्यायचं ठरवलं. आर्थर मिठागराची १२०.५ एकर, जेनकिन्सची ७६.९, जामास्पची ५८.५. नावं बघा. साहेब नि शेठ. उन्हात पाय फुटेपर्यंत ज्यांनी तिथं मीठ ओढलं त्यांचं नाव एकाही वाफ्याला नाही. त्याच वर्षी देवनारची १२४ एकर जमीनही ह्याच कामाला लावली. देवनार म्हणजे १९२७ पासून मुंबईचा कचरा ज्याच्या उरावर पडत आलाय ते डम्पिंग ग्राऊंड.

हे सगळं कुणासाठी? 'अपात्र' लोकांसाठी. १ जानेवारी २००० पूर्वीचे तळमजल्यावरचे लोक पात्र. त्यांना धारावीत ३५० चौरस फूट. २००० ते २०११ मधले धारावीबाहेर, अडीच लाख भरून. त्यानंतरचे आणि वरच्या मजल्यावरचे सगळेच धारावीबाहेर, भाड्याच्या घरात, हप्त्यानं विकत घ्यायची सोय असलेल्या.

मी माळ्यावर राहतो. माझा जन्म ह्याच माळ्यावरचा. खालच्या खोलीतल्या माणसाचे पाय फरशीला लागतात म्हणून तो धारावीचा. मी लोखंडी शिडीच्या अकरा पायऱ्या चढतो म्हणून मी धारावीचा नाही. मनूनं माणसाला उतरंडीत बसवलं तेव्हा खालचा तो बाहेरचा होता. ह्यांनी नवीन शोध लावला, वरचा तो बाहेरचा. उतरंड कशीही उलटीपालटी करा, गावकुसाबाहेर जायची पाळी आमच्यावरच येते. आता गावकुसाच्या जागी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आलाय, एवढाच फरक.

आणि दोस्तहो, धारावी काय होती? खाजण होतं. मिठीच्या तोंडाशी, चिखल, डास, भरतीचं पाणी. कोळ्यांचा कोळीवाडा तेवढा आधीपासून होता. बाकी कातडी कमावणारे, मडकी घडवणारे, झाडू मारणारे ह्यांना शहरानं नाकाला फडकं लावून इथं ढकललं. त्यांनी डबर टाकलं, कचरा टाकला, भुसा टाकला, नि हातानं दलदलीची जमीन केली. एका पिढीचे पाय कुजले तेव्हा दुसऱ्या पिढीला कोरडी फरशी मिळाली. शहर मागून वाढत आलं, धारावी मध्यावर आली, आणि मिठीच्या पलीकडं वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. तेही खाजण भरूनच. मग एकाएकी सगळ्यांना कळलं की ही सुमारे ६०० एकर जमीन सोन्याची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची बोली सरस ठरली. विक्रीच्या टॉवरांना आता धारावीत जागा आहे. ज्यांनी जमीन तयार केली त्यांच्यातल्या कित्येकांना नाही. त्यांना नवी दलदल.

हे पहिल्यांदा होत नाही. मानखुर्दची जनता कॉलनी आठवा. शहरातून उचलून तिकडं टाकलेल्या माणसांनी वस्ती उभी केली, आणि १९७६ साली, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्रासाठी ती उठवून चिता कॅम्पच्या चिखलात नेऊन टाकली. तानसाच्या पाइपलाइनजवळची माणसं माहूलला नेली, रिफायनरीच्या धुराड्याखाली. तिथली हवा आरोग्याला धोक्याची आहे असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये म्हटलं होतं. तरी नेलीच. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांवर माहूलची सक्ती करता येणार नाही. पद्धत एकच आहे: दलदल भरायची ती आम्ही, आणि जमीन झाली की उठायचं तेही आम्हीच.

आता त्या पाटीच्या मागच्या बाजूकडं येतो.

मी माईक-स्पीकर लावायची कामं करतो. मध्यंतरी पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलात काम मिळालं. मिठागर बचावची सभा. एक बाई उठल्या, शांतपणे बोलल्या. २६ जुलै २००५ ला त्यांच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. मिठागरं भरली तर पुढच्या वेळी कुठपर्यंत येईल, असं विचारलं. कुणी लोकलच्या गर्दीबद्दल बोललं, कुणी नळाच्या पाण्याबद्दल. मग एक गृहस्थ उठले. म्हणाले, तसले लोक इथं आले की आपल्या एरियाचं कल्चर जाईल, पोरीबाळींना संध्याकाळी बाहेर पडता येणार नाही, आणि फ्लॅटचे रेट, ते तर विचारूच नका.

टाळ्या मोजायचं काम माईकवाल्याइतकं कुणाला जमत नाही. मिक्सरवर काटा असतो. पुराच्या पाण्याला काटा जरासा हलला. लोकलला जरा जास्त. 'कल्चर'ला थेट लाल पट्टीत गेला. काट्याला जात नसते, तो खरं सांगतो.

वायरी गुंडाळताना त्याच गृहस्थांनी पैसे दिले नि आपुलकीनं विचारलं, भाऊ, कुठले तुम्ही? म्हटलं, धारावी. क्षणभर थांबले. मग म्हणाले, नाही नाही, तुमच्यासारख्यांबद्दल नव्हतं ते. म्हणजे माझी गरज लागली की मी 'तुमच्यासारखे', नि घर मागितलं की 'तसले'. दोनशे वर्षं असंच चाललंय. मोलकरीण सकाळी सातला हवी, तिचं घर मात्र डोळ्यांसमोर नको.

पण मी इथं थांबलो तर आमच्यातल्या काहींना बरं वाटेल, आणि बिल्डरला त्याहून बरं वाटेल. कारण पुढचा डाव तयार आहे. आमचीच पोरं ट्रकात भरून आणायची, हातात झेंडे द्यायचे, आणि बोंबलायला लावायचं की हे शेठजी-भटजी गरिबाला घर मिळू देत नाहीत. बोंब खरी असेल, ट्रक खोटा असेल. म्हणून नीट बघू या.

त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं. मिठागर म्हणजे उथळ, सखल वाफे. डोंगरावरून, राष्ट्रीय उद्यानाच्या उतारावरून आलेलं पावसाचं पाणी ठाण्याच्या खाडीत जायच्या आधी तिथं पसरतं, थांबतं. भरती नि पाऊस एका वेळी आले की तीच जागा शहराला वाचवते. सरकारी बाजू म्हणते, हायवेमुळं भरतीचं पाणी आता तिथं येत नाही. बरं, नसेल येत. पण पाऊस हायवेला विचारून पडतो का? २००५ साली सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मिठीची गटार करून तिच्या काठावर काचेचे महाल उभारल्यावर काय होतं ते त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. आता विचार करा: मिठागरावर इमारती झाल्या आणि तसा पाऊस पुन्हा आला, तर त्या इमारतींच्या तळमजल्यावर कोण असेल? फ्लॅटचे रेट मोजणारे गृहस्थ नाही. आपण असू. म्हणजे मिठागरावर बांधू नका ही मागणी पहिल्यांदा आपली आहे.

दुसरा डाव दयेचा. म्हणे गरिबाला घर नको का? मोकळी जमीन पडलीय, देऊ या. पवईत हेच सांगितलं होतं. १९८६ चा करार, जमीन नाममात्र भाड्यानं, अट छोट्या घरांची. उभं काय राहिलं ते बसमधून जाताना बघा. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आधी ती छोटी घरं बांधा. गरिबाच्या नावानं हिरवी जमीन उघडायची नि श्रीमंताच्या नावानं बंद करायची, ही ह्या शहराची जुनी हातचलाखी.

आणि निसर्गप्रेमींची हातचलाखी वेगळी. १९९५ साली राष्ट्रीय उद्यान वाचवायला कोर्टात याचिका गेली, १९९७ साली आदेश झाला, आणि हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. वाघ-बिबट्याला माणसाचा त्रास होतो म्हणून. पण त्या डोंगराच्या कडेनं चढत गेलेले टॉवर कुणाचे? 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून चढ्या भावानं खिडक्या विकल्या त्या कुणी घेतल्या? झोपडीतून दिसलं तर अतिक्रमण, बाल्कनीतून दिसलं तर व्ह्यू.

कुणी शहाणा म्हणेल, अरे, सरकारी पडीक जमिनीवर स्वतंत्र वसाहती बाबासाहेबांच्या काळात तुम्हीच मागितल्या होत्या. खरं आहे. जुलै १९४२ ला नागपूरच्या परिषदेत तसा ठराव झाला. त्यानंतर दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीन माणसं पडीक जमिनी, गायरानं मागत तुरुंगात गेली. पण ती माणसं स्वतः उठली होती, गावच्या गुलामीतून सुटायला, कसायला मालकीची जमीन मागायला. इथं आम्हाला कुणीतरी उठवतंय, पोटापाण्याच्या जागेपासून तोडून, मालकी न देता, आमच्या जागेवर विकायचे फ्लॅट बांधायला. त्या ठरावात माणसाची इच्छा होती, ह्या निर्णयात बिल्डरची सोय आहे. धारावीत घर आणि धंदा एकाच छताखाली असतात. खाली चामडं कापतात, वर झोपतात. मुलुंडच्या सातव्या मजल्यावर चामडं कापू देणार का कुणी? शिलाई मशीन लावू देणार का?

तेव्हा माझं म्हणणं दोन टोकांना आहे.

मिठागर बचाववाल्यांनो, तुम्ही म्हणता ते इथं नकोत, आम्ही म्हणतो आम्हाला तिथून हलायचं नाही. ऐकायला एकच वाटतं. पण तुमची मागणी आम्ही कुठं जावं ह्याची चिंता करत नाही. देवनारच्या उकिरड्यावर टाकलं तरी तुमची सभा समाधानानं संपेल. म्हणून पाटीवर दुसरी ओळ लिहा: 'धारावीतल्या प्रत्येकाला धारावीतच घर, वरच्या मजल्यासकट.' तेवढं लिहिलंत तर पुढच्या सभेला माईक मी फुकट लावतो, आणि आमची माणसं तुमच्या पुढं चालतील. नाही लिहिलंत, तर फ्लेमिंगोच्या पिसांत लपवलेली तुमची जात आम्ही ओळखलीय.

आणि वस्तीतल्या माझ्या दोस्तांनो, पात्र-अपात्राच्या यादीनं तुम्हाला फोडू देऊ नका. खालच्याला वाटतं आपलं सुटलं, वरच्यानं आपलं बघावं. पण वरचा मिठागरात गेल्यावर खालच्याच्या बाजूनं बोलायला गल्लीत किती जण उरतील ते मोजा. ५०० चौरस फुटांची मागणी सगळ्यांची होती, ती सगळ्यांचीच राहू द्या. कुणाच्या ट्रकात चढू नका. बाहेर जायला तयार आहे असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर गल्लीची बैठक झाल्याशिवाय सही करू नका, अंगठा तर मुळीच नको. आणि कुणी विचारलं की तुम्ही इथं किती सालापासून, तर साल सांगा आणि जमिनीकडं बोट दाखवून हेही सांगा की ही आधी पाणी होती.