सार्जंटचं काम कोणाला द्यायचं?

गणपतीत किंवा नवरात्रात गावात नाटक बसवायचं ठरलं, की पहिला वाद कशावरून होतो? नाटक कोणतं यावरून नाही, राजाचं काम कोण करणार यावरून! शेवटी ज्यानं मंडपाचे पैसे दिले, त्याच्या घरातलाच कुणीतरी राजा होतो. मग आवाज घोगरा असो की संवाद पाठ नसोत. हे काही आपल्या इच्छापूरलाच होतं असं नाही. तापीच्या अल्याड-पल्याड सगळीकडे हीच रीत आहे. आणि मंडळी, सातासमुद्रापलीकडे हॉलिवूडमध्येही फार वेगळं चालत नाही. तिथल्या मंडपाला कोट्यवधी डॉलर लागतात, एवढाच काय तो फरक.

आज सांगायची गोष्ट आहे एका न झालेल्या सिनेमाची. कॉमिक म्हटलं की आपल्या पिढीला आठवतात वेताळ, बहादूर आणि चाचा चौधरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसस्टँडजवळच्या दुकानातून चार-आठ आण्यांत भाड्यानं आणलेली, कोपरे दुमडलेली पुस्तकं. अमेरिकेतल्या मुलांच्या हातात त्याच काळात आणखी एक नायक होता, सार्जंट रॉक. लेखक रॉबर्ट कॅनिगर आणि चित्रकार जो क्युबर्ट या जोडीनं 1959 साली 'आवर आर्मी ॲट वॉर' या कॉमिक मासिकात त्याला आणलं. तो इतका चालला, की 1977 मध्ये मासिकाचं नावच 'सार्जंट रॉक' झालं. 1988 मध्ये ते बंद पडलं.

हा रॉक काही उडणारा किंवा भिंती फोडणारा नायक नव्हता. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातला कामगार, दुसऱ्या महायुद्धात सार्जंट झालेला. दाढी वाढलेली, कपडे फाटलेले, डोळ्यांत झोप नाही. त्याच्या 'ईझी कंपनी'त सगळी साधी पोरं होती. त्यात जॅकी जॉन्सन नावाचा एक कृष्णवर्णीय शिपाईही होता. खऱ्या अमेरिकन सैन्यात महायुद्धाच्या वेळी गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या. तो भेद मोडण्याचा हुकूम 1948 मध्ये निघाला. म्हणजे चित्रकारानं खऱ्या इतिहासापेक्षा चांगली पलटण काढली होती! पुढे क्युबर्ट या मासिकाचा संपादक झाला, तेव्हा गोष्टीच्या शेवटी 'आता पुन्हा युद्ध नको' अशा अर्थाचा शिक्का छापू लागला. युद्धाच्या कॉमिकमध्ये युद्ध नको म्हणणं, यालाही छाती लागते.

आता सिनेमा. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जोएल सिल्व्हर या निर्मात्यानं रॉकवर चित्रपट काढायचं मनावर घेतलं. 'कमांडो' आणि 'प्रिडेटर' हे त्याचे चित्रपट तेव्हा तुफान चालले होते. दोन्हींचा नायक होता आर्नोल्ड श्वार्झनेगर. मग सार्जंट रॉक कोण? अर्थातच आर्नोल्ड!

वाचकहो, जरा डोळ्यांसमोर आणा. रॉक अमेरिकेचा शिपाई, जर्मनांशी लढणारा. आर्नोल्डचा जन्म ऑस्ट्रियातला, मातृभाषा जर्मन, आणि इंग्रजी बोलतानाही तो हेल लपत नाही. म्हणजे खंदकात दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज येणार! दंड असे, की ते पाहून शत्रूची गोळीच बिचकावी. दिवसेंदिवस पोटभर न जेवलेला, थकलेला सार्जंट या देहात कुठून शोधायचा?

पण निर्मात्याचंही गणित असतं. जुन्या काळातल्या युद्धाचा सिनेमा म्हणजे रणगाडे, गणवेश, शेकडो माणसं आणि मोडकी गावं उभी करायची. खर्च अफाट. पैसा लावणारा विचारतो, पोस्टरवर चेहरा कोणाचा? मोठं नाव दिलं की तिजोरी उघडते. मग त्या नावाला शोभेल अशी पटकथा लिहायची, ती पसंत नाही म्हणून दुसरी लिहायची. तोवर तारा दुसऱ्या चित्रपटात गुंततो, वर्षं जातात. इथेही एकामागून एक पटकथा लिहिल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. आर्नोल्ड 2003 मध्ये चक्क कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला. पुढे दिग्दर्शक म्हणून गाय रिची याचं नाव आलं आणि गेलं. अगदी अलीकडे लुका ग्वादान्यिनो या इटालियन दिग्दर्शकाकडे काम आलं, तेव्हा आधी इंग्रज डॅनियल क्रेगची आणि मग आयरिश कॉलिन फॅरेलची चर्चा झाली. 2025 मध्ये तेही थांबलं. ऑस्ट्रियन झाला, इंग्रज झाला, आयरिश झाला. पिट्सबर्गचा कामगार काही पडद्यावर आला नाही.

आता कुणी म्हणेल, परदेशात जन्मला म्हणून नट वाईट ठरतो का? मुळीच नाही. आर्नोल्डचे वडील नाझी पक्षाचे सभासद होते, हे खरं आहे. पण हा स्वतः युद्ध संपल्यावर, 1947 मध्ये जन्मला. वडिलांचा भूतकाळ शोधून काढा, असं त्यानंच एका ज्यू संस्थेला सांगितलं होतं. बापाचा हिशेब मुलाच्या नावावर लिहू नये. आणि परक्या मुलुखातल्या नटाचं म्हणाल, तर आपलंच उदाहरण बघा. डॉ. जब्बार पटेल यांनी बाबासाहेब आंबेडकरांवर चित्रपट काढला, तेव्हा बाबासाहेब झाले केरळचे मामुट्टी. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्याम बेनेगल यांच्या चित्रपटात बंगालचे नेताजी झाले आपले सचिन खेडेकर. दोघांनी आपला चेहरा बाजूला ठेवला आणि त्या माणसाला पुढे येऊ दिलं. खरी मेख इथेच आहे. नट भूमिकेकडे चालत गेला, तर भूमिका जगते. भूमिकेला ओढून ताऱ्यापाशी आणलं, की उरतो फक्त तारा.

आपल्याकडेही असं घडलंच. 2021 मध्ये 'गोरखा' नावाच्या चित्रपटाची घोषणा झाली. तो होता मुंबईत जन्मलेले मेजर जनरल इयान कार्डोझो यांच्यावर. 1971 च्या युद्धात सुरुंगावर पाय पडला, तेव्हा निकामी झालेला पाय त्यांनी स्वतःच खुकरीनं कापला. पुढे कृत्रिम पायावर पलटणीचं नेतृत्वही केलं. त्या युद्धात त्यांचं वय होतं 34. भूमिकेसाठी जाहीर झाला अक्षयकुमार, वय 54! पोस्टर आलं, तर एका निवृत्त गोरखा अधिकाऱ्यानं दाखवून दिलं की हातातली खुकरीच चुकीची आहे. अक्षयकुमारनं त्यांचे आभार मानले, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण पुढे तोच या चित्रपटातून बाहेर पडल्याच्या बातम्या आल्या आणि गाडी तिथेच अडकली.

सिनेमा झाला काय, न झाला काय, आपल्याला काय करायचंय? करायचंय, मंडळी. आपल्या घरातली पोरं लढाई शिकतात ती पडद्यावरून. वीर म्हणजे उंचापुरा, गोरागोमटा, पिळदार दंडाचा, एकटाच शंभरांना लोळवणारा, असं त्यांच्या मनात पक्कं बसतं. मग आळीतला निवृत्त फौजी, जो सकाळी पिशवी घेऊन भाजीला जातो, गुडघ्याला हात लावत ओट्यावर बसतो, तो त्यांना वीर वाटतच नाही. त्याला कुणी काही विचारत नाही. आणि तोही सांगत नाही.

म्हणून सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची गोष्ट घरात सांगावी. मूळ घराणं कारवारजवळच्या चेंडियाचं. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते आणि रस्त्यावर सुरुंग, पाडलेली झाडं, मोडलेले पूल. राणे इंजिनियर तुकडीचे. जखमी असतानाही ते दिवसरात्र सुरुंग काढत राहिले. वरून गोळ्या येत होत्या म्हणून रणगाड्याच्या पोटाखाली रांगत पुढे सरकले. चालकाला खूण करायला दोऱ्या बांधल्या होत्या, एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. रस्ता मोकळा झाला, रणगाडे पुढे गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. या पराक्रमात दंड दाखवायला जागाच नाही. जमिनीला पोट लावून, हळू हातानं करायचं काम! अमर चित्र कथेच्या परमवीर चक्रावरच्या पुस्तकात अशा 21 वीरांच्या गोष्टी चित्रांतून आहेत. सुट्टीत पोरांच्या हाती द्यायला ते मोबाईलपेक्षा नक्कीच बरं.

आणि पुस्तक वाचून झालं, की पोराला एकच प्रश्न विचारा. याच्यावर सिनेमा काढला तर राण्यांचं काम कोणाला द्यायचं? तो पटकन एखाद्या हिरोचं नाव घेईल. घेऊ द्या. मग विचारा, त्याला रणगाड्याखाली मावता येईल का रे?