कलम वाचण्याआधी

साहित्यात बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएलबीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला दर उन्हाळ्यात जो उपदेश ऐकावा लागतो, तो आता स्तोत्रासारखा ठरून गेला आहे. इंग्रजी सुधार. कलमांचे क्रमांक पाठ कर. गाइडे आत्ताच घेऊन ठेव. आणि शेवटी, किंचित कीव करत, साहित्य वगैरे आता बाजूला ठेव, इथे भावना चालत नाहीत. यातले शेवटचे वाक्य आम्हांला सर्वांत घातक वाटते. दुर्दैव असे, की ते वकिलांइतक्याच उत्साहाने साहित्याचे प्राध्यापकही उच्चारतात. आपल्या विषयाचा अर्थ 'भावना' असा करून घेणाऱ्या प्राध्यापकाने दुसऱ्या विद्याशाखेच्या रुक्षपणाबद्दल बोलू नये, एवढी किमान अपेक्षा आम्ही करतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षाची तयारी म्हणजे एक वाक्य सावकाश, शेवटपर्यंत आणि त्यातील प्रत्येक 'किंवा'सकट वाचण्याची तयारी. ती करून देण्याची जागा साहित्याचा वर्ग हीच होती. तो वर्ग ते करत नाही आणि गाइड ते करू देत नाही.

पहिल्या वर्षी भेटणारा सदोष मनुष्यवध आणि खून यांतील भेद पाहा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तो कलम २९९ आणि ३०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १०० आणि १०१ मध्ये आला. क्रमांक बदलले, वाक्यरचना जवळजवळ तीच राहिली. (ज्यांनी केवळ क्रमांक पाठ केले होते त्यांची एका रात्रीत काय अवस्था झाली, हे सांगणे नलगे.) हा भेद कृतीत फारसा नाही. तो 'उद्देश' आणि 'जाणीव' या दोन शब्दांमधील, आणि मृत्यू 'संभवनीय' असणे व सामान्य क्रमात 'पुरेसे' असणे यांमधील अंतरात आहे. कादंबरीतील पात्राला काय ठाऊक होते, त्याला काय हवे होते आणि निवेदकाने यांपैकी काय सांगितले, हे तीन प्रश्न वेगळे ठेवायला जो शिकला, त्याला हे कलम परके वाटण्याचे कारण नाही.

या कलमांखालील उदाहरणे तर उघडच कथा आहेत. एका उदाहरणात झुडपामागे माणूस आहे हे एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही. पहिला दुसऱ्याला झुडपावर गोळी झाडायला प्रवृत्त करतो आणि माणूस मरतो. गोळी झाडणारा कदाचित कोणत्याच अपराधाचा दोषी नसेल. बंदुकीला हात न लावणारा मात्र सदोष मनुष्यवधाचा दोषी आहे. चार ओळींत दोन मने आणि एकच घटना. मेकॉलेच्या आयोगाने ही पद्धत मसुद्यात आणली ती शोभेसाठी नव्हे. व्याख्येला जे पेलत नाही ते प्रसंगाला पेलते, हे त्यांना कळले होते. आपली स्वस्त गाइडे मात्र पाने वाचवायची झाली की आधी उदाहरणेच गाळतात आणि त्या जागी दोन रकान्यांचा तक्ता छापतात.

शब्दाच्या अर्थावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते, हे महाराष्ट्राला तरी नव्याने सांगावे लागू नये. १८९७ च्या टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कलम १२४अ मधील 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ 'अफेक्शन'चा, म्हणजे प्रेमाचा, अभाव असा लावला. एका उपसर्गाचा विग्रह झाला आणि सरकारवर प्रेम नसणे हाच अपराध होऊन बसला! १९०८ च्या खटल्यात प्रश्न आणखी बिकट होता. 'केसरी'तील मराठी अग्रलेख इंग्रजी भाषांतरातून ज्यूरीपुढे आले. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ती ज्यूरी होती. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला, आणि त्यांच्या प्रदीर्घ भाषणाचा मोठा भाग त्या भाषांतरातील शब्दांची झाडाझडती घेण्यात गेला. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. हा खटला आपण इतिहासाच्या तासाला बाणेदारपणाचा धडा म्हणून शिकवतो. भाषांतरमीमांसेचा धडा म्हणून तो मराठी विभागात किती ठिकाणी शिकवला जातो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आता साहित्याच्या वर्गाकडे. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले आणि पुढे कितीएक अभ्यासक्रमांत स्थिरावले. त्यातील अभिरूप न्यायालयात बेणारेवर दंडसंहितेच्या कलम ३०२ खाली भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. वर्गात यावर पुरुषप्रधान व्यवस्था, दांभिकता, प्रतीक असे सर्व बोलून होते. कलम ३०२ उघडून पाहण्याचे मात्र क्वचितच कुणाला सुचते. ३०२ हे खुनाच्या शिक्षेचे कलम. पण आईच्या उदरातील बालकाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवधच नव्हे, असे कलम २९९ चे तिसरे स्पष्टीकरण सांगते. जिवंत बालकाचा कोणताही भाग बाहेर आला असेल तरच गोष्ट वेगळी. गर्भपातासाठी निराळे कलम होते, ३१२, आणि स्त्रीने स्वतः घडवलेला गर्भपातही त्यात येत असे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, म्हणजे नाटकानंतरचा.

म्हणजे आरोपाचे कलम आणि आरोपाचा शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. नाटकातील हौशी मंडळींच्या हातून खेळाखेळात खुनाचे कलम उच्चारले जाते, आणि हे कोर्ट शेवटी ज्या गर्भाच्या हत्येचा आरोप ठेवते त्याच गर्भाच्या नाशाचा हुकूम देते. ही विसंगती लेखकाने हेतुतः ठेवली की ओघात आली, यावर वाद व्हावा. तो वाद करण्यासाठी आधी कलम आणि संहिता शेजारी ठेवून वाचावी लागते. असा एक तास ज्याच्या वाट्याला आला, त्याला पहिल्या वर्षीच्या 'मूट कोर्ट'ची भीती वाटणार नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे सारे ठीक, पण उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, निकाल इंग्रजीत आहेत, मराठी माध्यमाचे मूल तिथेच गळते. संविधानाचे कलम ३४८ आम्हांलाही ठाऊक आहे, आणि इंग्रजी शिकू नका असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते मूल गळते ते शब्दसंग्रहापायी, हे आम्हांला मान्य नाही. 'प्रोव्हायडेड दॅट'चा अर्थ 'परंतु' हे त्याला आठवड्यात कळते. त्या 'परंतु'ने आधीच्या वाक्याचा नेमका किती भाग मागे घेतला, हे त्याला कुणी मराठीतही कधी विचारलेले नसते. शिवाय महाराष्ट्रातील तालुक्याच्या न्यायालयात फिर्याद मराठी, जबाब मराठी, पंचनामा मराठी. तिथे 'सदर इसमाने' या दोन शब्दांत नेमका कोणता इसम आहे, यावर एखाद्याचा जामीन अडतो. त्या इसमाकडे दुसरा वकील करण्याइतके पैसे बहुधा नसतात.

तेव्हा प्रवेशाच्या यादीची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थ्याला आम्ही गाइड सुचवणार नाही. त्याने न्याय संहितेची द्विभाषिक प्रत घ्यावी, कलम १०० आणि १०१ उदाहरणांसकट स्वतःच्या मराठीत पुन्हा लिहावे आणि मूळ वाक्यातील कोणती अट आपल्या हातून निसटली हे तपासावे. केशवानंद भारती खटल्याचा १९७३ चा निकाल तेरा न्यायमूर्तींचा, सात विरुद्ध सहा असा. गाइडात त्याची एक ओळ उरते. त्यातील निदान एक बहुमताचे आणि एक विरोधी निकालपत्र वाचावे, विरोधी आधी. आणि साहित्याच्या प्राध्यापकाकडे जाऊन एखादा जुना पंचनामा कवितेसारखा वाचून घेण्याचा हट्ट धरावा. प्राध्यापक बहुधा म्हणतील, हे अभ्यासक्रमात नाही.