पेंढा धुतल्यावर पालाश कोणाकडे जावे?

भाताच्या पेंढ्यापासून इंधन करण्याचा विषय निघाला की चर्चा बेलर, वाहतूक आणि दर यांच्याभोवतीच फिरते. पेंढा मुळात कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न मागे राहतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर जैवभाराच्या कांड्या जाळणे बंधनकारक केल्यापासून पंजाब-हरियाणाच्या पेंढ्याला नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. तेव्हा हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

या पेंढ्यात साधारणतः 15 ते 20 टक्के राख असते आणि तीत सिलिकेचा वाटा मोठा असतो. तथापि बॉयलरला अधिक त्रास होतो तो पालाश आणि क्लोरीन यांचा. पालाशामुळे राख कमी तापमानालाच मऊ होऊन नळ्यांवर चिकटते आणि क्लोरीन त्याच नळ्यांचा धातू कुरतडतो.

यावर टॉरिफॅक्शन, म्हणजे जवळजवळ प्राणवायूविना 200 ते 300 अंश सेल्सिअस तापमानात केलेली मंद भाजणी, हा उपाय सुचविला जातो. तो चांगला आहे, पण अपुरा आहे. भाजल्यावर वजन सुमारे 70 टक्के उरते, मात्र ऊर्जा सुमारे 90 टक्के टिकते. पेंढा ठिसूळ होतो, सहज दळला जातो, ओल धरत नाही. पालाश मात्र तसेच राहते आणि वजन घटल्याने राखेचे प्रमाण उलट वाढते. म्हणून भाजणीपूर्वी धुणे आवश्यक आहे. पालाश व क्लोरीन साध्या पाण्यातही बऱ्याच अंशी उतरतात. सिलिका उतरत नाही.

डेन्मार्कमध्ये पावसाने भिजून करडा पडलेला गव्हाचा पेंढा ताज्या पिवळ्या पेंढ्यापेक्षा भट्टीसाठी सरस मानतात. तेथे धुण्याचे काम पाऊसच करतो आणि पालाश आपसूक जमिनीत राहते. पंजाबात भात काढणी आणि गहू पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, तेही कोरडे. त्यामुळे तेथे धुणे यंत्रानेच करावे लागेल.

ते कारखान्यात नव्हे, तर गावालगतच्या संकलन केंद्रावर व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पिकाने उचललेल्या पालाशापैकी सुमारे चार पंचमांश पेंढ्यात असते. टनामागे साधारण 12 ते 17 किलो पोटॅशियम. म्युरेट ऑफ पोटॅश आपण आयात करतो आणि तेच द्रव्य धुवणासोबत नाल्यात सोडायचे, हा व्यवहार शेतकऱ्याने का मान्य करावा? धुवण शेतात परत गेले पाहिजे. अर्थात नैऋत्य पंजाबच्या क्षारपड पट्ट्यात ते सरसकट देऊ नये. विद्युतवाहकता तपासूनच द्यावे. भूजल खालावलेल्या भागात तेच पाणी क्रमाने अनेक गठ्ठ्यांवर फिरवावे लागेल आणि वाळवणीसाठी भाजणीतील वायूची उष्णता वापरावी लागेल. खर्च आहेच.

विदर्भातील पऱ्हाटीला एवढा खटाटोप नको. ती लाकडाच्या जवळची आणि कमी राखेची आहे. माती न लागू देता वाळविली तरी पुष्कळ.

सध्याची खरेदी बहुधा वजनावर चालते. म्हणजे मातीलाही पेंढ्याचाच भाव! राख व ओलावा पाहून दर ठरला, तर बेलरचे दाते जमिनीपासून थोडे वर ठेवा, हा विस्तार कार्यकर्त्याचा सल्ला ऐकण्यात शेतकऱ्यालाही लाभ दिसेल.