घासकाम

मी वसमतचा. म्हणजे समुद्रापासून सरळ रेषेत मोजलं तरी साडेचारशे किलोमीटर आत. लहानपणी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वर धरण, तेही शाळेच्या सहलीत. त्यामुळे "गेले दोन शनिवार-रविवार बोट घासतोय" असं फोनवर सांगितल्यावर मामा क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "कुणाची बोट? आन् तू काहून घासायलास?"

प्रश्न रास्त होता. ऑफिसातल्या एका मित्राने आणखी तिघांबरोबर मिळून सव्वीस फुटी, फायबरग्लासची, जुनी शिडाची बोट घेतली आहे. पावसाळाभर ती मुंबईजवळच्या एका यार्डात जमिनीवर उभी होती. ऑक्टोबरात पाण्यात सोडायची, त्याआधी तळाला नवा रंग द्यायचा. "तू हात लाव, हंगामभर फुकट सेलिंग," असं आमिष दाखवलं आणि मी फसलो.

मला वाटलं होतं, रंग द्यायचा म्हणजे डबा, रोलर, चहा आणि फोटो. प्रत्यक्षात रंगाला अर्धा दिवस लागला. त्याआधीचे चार दिवस फक्त घासकाम.

तळाचा रंग शोभेसाठी नसतो, तो पाण्याखालीच राहतो. बोट समुद्रात उभी राहिली की आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग बार्नेकल नावाचे कवचवाले जीव सिमेंट लावल्यासारखे चिकटतात. बोट मंदावते. किती? २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, पहिला आलेला खलाशी सुमारे २१२ दिवसांत परतला. फिनलंडच्या तापिओ लेहतिनेनला ३२२ दिवस लागले, कारण त्याच्या बोटीचा तळ बार्नेकलनी भरला होता. (याच शर्यतीत आपला अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'तुरीया'वर होता आणि वादळात जबर जखमी झाला. तो २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि दुसरा आला. त्यावर वेगळं लिहायला हवं.)

तर या जिवांना दूर ठेवायला रंगात विष घालतात. बहुतेक रंगांत तांब्याचं संयुग असतं. कल्पना जुनी आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' १८१७ चं, ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय. आपल्या कोकणात जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि डागडुजी उरकतात. तळ खरवडणं हे सगळीकडे, सगळ्या काळात ठरलेलंच. विसाव्या शतकात टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग आलं. इतकं जालीम की फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची कवचं वेडीवाकडी वाढायला लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली. जगभरासाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. समुद्राला होणारा त्रास मोजला गेला, ही चांगलीच गोष्ट.

आता घासकाम. बोट पाण्याबाहेर आल्याबरोबर, शेवाळ ओलं असतानाच, जोरदार पाण्याने धुवायची. वाळलं की दगड होतो. आमच्या बोटीचं धुणं मे महिन्यात कुणीतरी अर्धवट केलेलं. त्यामुळे पहिला दिवस कवचांच्या चकत्या खरवडण्यात गेला. खरवडणीचा कोपरा रुतला तर फायबरग्लासवरचा गुळगुळीत जेलकोट ओरखडतो, म्हणून कोपरे आधी कानशीने गोल केले. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. जास्त बारीक नको, कारण रंगाला धरायला खरखर लागते. जास्त जोर नको, कारण जेलकोटच्या आत गेलात तर नवं काम. दोन-तीन ठिकाणी फोड आलेले होते. नख टोचलं तर आतून आंबूस वासाचं पाणी आलं. ते उघडायचे, धुवायचे, पूर्ण वाळू द्यायचे, मग इपॉक्सी भरून पुन्हा घासायचं. वाळायला किती दिवस लागतील ते बोट ठरवते, आपला कॅलेंडर नाही. आणि हे सगळं मान वर करून, डोक्यावर हात ताणून. रविवारी संध्याकाळी मला टी-शर्ट काढता येईना.

इथे मी सॉफ्टवेअरची उपमा देणार असं तुम्हाला वाटलं असेल. देणार नाही, खांदे अजून दुखताहेत.

खरं लिहायचंय ते वेगळंच. माझ्या तोंडावर कार्ट्रिजवाला मास्क होता, चष्मा होता, अंगभर सूट होता. डब्यावर तसं स्पष्ट छापलेलं असतं: जुना थर कोरडा घासू नका, धूळ श्वासात घेऊ नका. शेजारच्या बोटीखाली एक मुलगा इलेक्ट्रिक सँडरने कोरडंच घासत होता. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. तोंडाला रुमाल. दुपारपर्यंत त्याच्या पापण्या, कान, मान सगळं तांबडं झालं. जेवायला बसला तेव्हा हात धुतले, पण शर्ट तोच. मी पहिले दोन दिवस काही बोललो नाही. का? कारण मी तिथे पाहुणा, कारण यार्ड मित्राच्या ओळखीचं, कारण उशीर होईल. तिसऱ्या दिवशी माझा जास्तीचा मास्क त्याला दिला. त्याने घेतला, थोडा वेळ लावला, मग गळ्यात अडकवला. म्हणाला, "दादा, यात दम लागतो, काम सरत नाही." त्याला बोटीमागे पैसे मिळतात, दिवसामागे नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की मास्क वाटून हा प्रश्न सुटत नाही, तो एस्टिमेटमध्येच सोडवावा लागतो. ओलं घासलं तर धूळ उडत नाही. पण मग हाताने घासावं लागतं, कारण साध्या इलेक्ट्रिक सँडरजवळ पाणी नेता येत नाही. खाली ताडपत्री टाकून तो चिखल गोळा करावा लागतो, आणि वेळ कितीतरी वाढतो. दुसरा मार्ग व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरचा. तो महाग, आणि त्यासोबतही मास्क लागतोच. दोन्ही मार्गांचे पैसे बोटीच्या मालकानेच द्यायचे. आपण मात्र कोटेशन मागताना रंगाचा ब्रँड विचारतो, किती हात देणार ते विचारतो, तारीख विचारतो. घासणार कसं, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. कालवांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. या पोराच्या फुप्फुसाची नोंद मला त्या यार्डात तरी कुठे दिसली नाही.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. वसमत म्हणजे हळदीचा बाजार. हळद काढायची, शिजवायची, पंधरवडाभर वाळवायची आणि मग फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. वरचं खरखरीत साल निघतं, आतली चमक दिसते आणि धुरळा उडतो. लहानपणी मला तो धुरळा सणासारखा वाटायचा. ड्रमजवळच्या माणसांच्या भुवया पिवळ्या दिसायच्या, आणि आम्ही पोरं त्यांना हसायचो. मामा म्हणाले, "हंगाम सरला की महिनाभर खोकला राहायचाच. रुमाल बांधायचो की." आणि मग, "बिगर पॉलिशची हळद घेतंय कोण? भाव चमकीला असतोय."

हळदीचं निदान समजतं, तिथे दिसण्यालाच पैसे आहेत. बोटीच्या तळाचं कुणाला काय दिसतं?

असो. यार्डवाल्याला मी विचारलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "तुम्ही लोक जास्त द्यायला तयार असाल तर उद्यापासून ओलं घासतो." उत्तर सरळ होतं आणि माझ्याकडे त्यावर प्रतिप्रश्न नव्हता.

ता.क. बोट पाण्यात गेली. पुढच्या वर्षीच्या खर्चात व्हॅक्यूमवाला सँडर आणि घासकामाला बोटीमागे नाही तर दिवसामागे मजुरी, अशा दोन ओळी मी घालून दिल्या आहेत. चौघांपैकी तिघं हो म्हणाले. चौथा म्हणतो, पाण्याखालचं कोण बघतंय. त्याला या लेखाची लिंक पाठवतोय.