२१ दिवसांत सवय बदलते? हा आकडा आला कुठून?

‘फक्त २१ दिवस करा, सवय लागेल’, हा सल्ला व्हॉट्सॲप फॉरवर्डपासून ऑफिसच्या फिटनेस चॅलेंजपर्यंत सगळीकडे मिळतो. २१ दिवस संपतात, पहाटेचा गजर पुन्हा बंद केला जातो आणि माणूस म्हणतो, आपल्यातच दम नाही. खरे तर दम नसतो तो या आकड्यात.

मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतील प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांनी १९६० च्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात लिहिले. पुढे सांगोवांगीत ‘किमान’ गळाले, चेहराही गळाला आणि उरला सवयीचा ‘नियम’.

मोजून पाहिले तर?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. नवी गोष्ट आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. पण हा आकडाही नियम नव्हे, कारण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाला वेळ लागला. शिवाय एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. फॉरवर्डमध्ये यायला हवी होती ती हीच ओळ, कारण बहुतेक संकल्प मोडतात ते पहिल्या खाड्यानंतर.

सवय सोडणे आणखी अवघड

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत धोक्याचा इशारा असतो. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. धोका ठाऊक नाही, असे यातले किती असतील? निकोटिनचे व्यसन असतेच, त्यात चहा झाला की, पाळी सुटली की, शेजारचा मळू लागला की हात आपोआप पुढे होतो. तिथे निश्चयाला बोलायची संधीच मिळत नाही.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास इथे आठवतो. तिथे हेरॉइनचे व्यसन जडलेल्या बहुतेकांना घरी परतल्यावर ते पुन्हा जडले नाही. कारणे अनेक असतील, पण तो तळ, ते साथीदार आणि सहज मिळणारा माल मागे राहिला, हे त्यातले मोठे कारण.

आपल्याकडच्या कामगाराला असे परतता येत नाही. तोच नाका, तीच टपरी, तीच पाळी. मग दोष एकट्या त्याच्या निश्चयाला का द्यायचा? कारखान्याच्या गेटवरची टपरी हटवणे, सोबत्याने त्याच्यासमोर न मळणे, खाडा झाला तरी घरच्यांनी टोमणा न मारणे, ही कामे त्याची नाहीत, इतरांची आहेत. आणि त्याच्यासाठी सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६. फोन मोफत आहे. एकदा सोडून पुन्हा सुरू केलेल्यांनीही करावा.