वनस्पतींचे अर्क : बशीतील गुण आणि बागेतील गुण

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सटाणा व देवळा या तालुक्यांत तेल्या रोगाने डाळिंबाच्या अनेक बागा उजाड केल्या. हा रोग बुरशीचा नसून झॅन्थोमोनास या जीवाणूचा आहे. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ मध्ये दिल्ली येथे झाली. पानाफळांवर तेलकट डाग पडतात, फळे तडकतात व हाताशी आलेला बहार वाया जातो. अशा वेळी कडुनिंब, लसूण वा तुळस यांच्या अर्काचा उपाय कोणी सुचविला, तर शेतकऱ्यास आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आशेला पुराव्याची जोड हवी.

प्रयोगशाळेत अर्काची परीक्षा सोपी असते. काचेच्या बशीतील पोषक थरावर जीवाणू पसरून त्यावर अर्कात भिजविलेली कागदी चकती ठेवतात. दोन-तीन दिवसांनी चकतीभोवती जीवाणूंची वाढ न झालेले स्वच्छ कडे दिसले, म्हणजे अर्कात जीवाणूरोधक गुण आहे असे समजतात. अर्क मद्यार्कात काढलेला असेल, तर शेजारी नुसत्या मद्यार्काची चकतीही ठेवावी लागते. अन्यथा मद्यार्काचे श्रेय वनस्पतीस मिळते.

तथापि बशी म्हणजे बाग नव्हे. बशीत जीवाणू उघड्यावर असतो. झाडात तो पानाच्या आत पेशींमधील पोकळीत दडलेला असतो. लसणातील गुणकारी द्रव्य लसूण ठेचल्यावर तयार होते व फार काळ टिकत नाही. कडुनिंबातील मुख्य द्रव्य उन्हाने लवकर निकामी होते. फवारा पावसाने धुऊन जातो, आणि तेल्या तर पावसाळी दमट हवेतच फोफावतो.

म्हणून अर्कांची हेटाळणी करावी, असे मात्र नाही. तेल्यावर फवारले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतील सूक्ष्म जीवापासूनच मिळाले. पण ते क्षयरोग्यांचेही औषध आहे. त्याच्या वारंवार वापराने जीवाणू औषधास दाद देईनासे होतात. यास्तव त्याचा शेतीतील वापर थांबविण्याचा मसुदा केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. पर्यायाची गरज खरी आहे, आणि म्हणूनच पर्यायाची परीक्षाही खरी झाली पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने कोणत्याही अर्काची शिफारस करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : परीक्षा कोणत्या जीवाणूवर झाली? अर्काचे प्रमाण किती होते? तुलना कशाशी केली? उत्तरे समाधानकारक असल्यास एकाच बागेतील काही झाडांवर अर्क व तितक्याच झाडांवर नुसते पाणी, एकाच दिवशी फवारावे. दोन्हीकडील डागी फळे मोजून वहीत नोंदवावीत. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र वा राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या तज्ज्ञांना ही नोंद दाखवावी.

तोवर निरोगी रोपे, निर्जंतुक कात्री, रोगट फांद्या व फळे वेचून जाळणे, छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण आणि झाडांना पुरेशी विश्रांती ही कामे चुकवू नयेत. अर्काच्या भरवशावर ही कामे सोडणारा शेतकरी बाग गमावून बसेल. नोंद ठेवून पारखणारा शेतकरी मात्र स्वतःबरोबर शेजाऱ्याचेही हित साधील.